शेळी एक (१) नग

'विषय : शेळी एक (१) नग विक्री करणेबाबत.'

मोबाईलवर शेळी विकायला काढताना जो माणूस जाहिरातीची सुरुवात अशी करतो, त्याची चौतीस वर्षं कुठं गेली असतील हे वेगळं सांगायला नको. हेडक्लार्क निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण निवृत्त झालं होतं ते फक्त शरीर. हात अजून कचेरीतच होता. दूध नासलं तर ते 'सदर दूध नासले आहे' असं म्हणत. बायकोनं भाजीची यादी तोंडी सांगितली की 'लेखी दे' म्हणत, आणि लेखी दिली की तिच्यावर तारीख नाही म्हणून परत करत. शेवटी ती बिचारी आपली आपणच बाजारात जाई.

तर जाहिरात. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, शेळी, वय वर्षे चार, रंग पांढरा, डाव्या कानावर तपकिरी ठिपका, वर्तणूक समाधानकारक, विकणे आहे. किंमत आठ हजार मात्र.' आणि खाली, बायकोच्या हट्टापायी, एक टीप : 'सदर शेळी दुपारी एक ते तीन झोपते. या वेळेत फोन करू नये.'

ही टीप हेडक्लार्कांना मुळीच पसंत नव्हती. "अगं, शेळीची जाहिरात आहे ही. दवाखान्याची पाटी नव्हे," ते म्हणाले.

"टीप राहू दे," बायको म्हणाली. ती 'राहू दे' म्हणाली की राहायचं, एवढा एकच नियम त्या घरात अपवादाशिवाय चालत असे.

बायकोला सगळी कॉलनी 'बाई' म्हणायची. तळमजल्यावरच्या त्यांच्या पुढच्या खोलीत तिनं तीस वर्षं पाळणाघर चालवलं. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि पाळणाघर बंद झालं. चटया गुंडाळून माळ्यावर गेल्या, बाटल्यांची फळी रिकामी झाली, शेवटच्या मुलाला त्याची आजी घेऊन गेली. राहिली ती एक मॉनिटर. मॉनिटर म्हणजेच ही शेळी. चार वर्षांपूर्वी एका मुलाच्या वडिलांनी सकाळी मुलाबरोबर दोन आठवड्यांचं करडूही आणून ठेवलं होतं, दूध पाजायच्या बाटलीसकट. "दोन दिवस सांभाळा हो," म्हणाले. महिनाअखेर मुलाला घेऊन ते बदलीच्या गावी गेले आणि करडू राहिलं ते राहिलंच. पोरांतच वाढलं. पोरं हात धुवायला रांगेत उभी राहिली की हे सगळ्यांत पुढं, म्हणून नाव पडलं मॉनिटर. दुपारी एकला बाई सगळ्यांना झोपवायला स्वतःच रचलेलं एक गाणं म्हणत : चपला निजल्या, बाटल्या निजल्या, आता कोण राहिलं? 'राहिलं'ला मॉनिटर चटईवर आडवी. पाळणाघर बंद झालं तरी तिचं वेळापत्रक काही बदललं नव्हतं.

आणि मग चेअरमनांची नोटीस आली. सोसायटीच्या आवारात जनावर ठेवता येत नाही. आजवर पाळणाघराचं खेळणं म्हणून दुर्लक्ष केलं. आता पंधरा दिवसांत हलवावे, अन्यथा नगरपालिकेच्या कोंडवाड्यात जमा करण्यात येईल. कोंडवाड्यातून लिलाव होतो आणि लिलावाला कोण येतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकच गिऱ्हाईक यायचं, आणि तेही वजनकाटा घेऊन.

हेडक्लार्कांनी नोटीस दोनदा वाचली. "मसुदा मात्र चांगला आहे हं," ते म्हणाले. बाई उठल्या. मग मागच्या ओट्यावर जाऊन मॉनिटरच्या मानेखाली खाजवत बसल्या आणि तिलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "तीस वर्षांत एक पोर माझ्याकडून चुकीच्या हातात गेलं नाही. तूही जाणार नाहीस."

फुकट द्यायची तर चार दारं उघडी होती. पण बाई म्हणाल्या, फुकटचं कुणी जपत नाही. म्हणून ती जाहिरात.

पहिल्या दिवशी सतरा फोन आले. त्यातल्या अकरा जणांनी "नमस्कार"च्या आधी "वजन किती?" असं विचारलं. "वजन विचारणारा नको," बाईंनी स्वयंपाकघरातून निकाल दिला. एकानं "फायनल बोला" म्हटलं, त्याला हेडक्लार्कांनी समजावून सांगितलं की किंमत जाहिरातीतच अंतिम स्वरूपात नमूद आहे. त्यानं समजून न घेताच फोन ठेवला. वरच्या मजल्यावरचा विमा एजंट, ज्याला जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला द्यायला अर्धा कप चहा पुरतो, खाली येऊन म्हणाला, "काका, भाव बारा सांगा. फोटो बाजूनं काढा. आणि ती झोपेची टीप काढून टाका, गिऱ्हाईक बिचकतं." बाईंनी त्याला चहा अर्ध्या कपावरून पाव कपावर आणला.

चौथ्या दिवशी दुपारी सव्वाला फोन वाजला. आवाज भारदस्त. आपण जहाजावर कप्तान आहोत, सहा-सहा महिने समुद्रावर असतो, गावी फार्महाऊस आहे, मुलांना शेळीचा फार नाद आहे, आठ हजार मान्य, वर प्रवासखर्चाचे चार हजार वेगळे देऊ. घासाघीस नाही, वजन नाही, फायनल नाही! हेडक्लार्क भारावून गेले. फोन कानाला लावूनच ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. आयुष्यात त्यांच्याशी कुणी कप्तान बोलला नव्हता.

"मोठी माणसं अशीच असतात," पाव कप चहाला आलेला विमा एजंट म्हणाला. "आठ हजारासाठी कप्तान घासाघीस करतो होय?"

बाई ओट्यावरून आत आल्या. "झोपमोड झाली तिची," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी मोबाईलवर पत्र आलं. 'प्राणी सुरक्षित स्थलांतर कक्ष' अशी ठसठशीत पाटी, खाली जांभळा गोल शिक्का. कप्तानसाहेबांनी बारा हजार आमच्या कक्षात जमा केले आहेत. विक्रेत्यानं प्राणी-विम्याचं डिपॉझिट तीन हजार दोनशे भरताच ही रक्कम आणि डिपॉझिट दोन्ही मिळतील. भरण्यासाठी सोबतचा कोड स्कॅन करावा. कुणीही शहाण्या माणसानं हे वाचून मोबाईल उपडा ठेवला असता. हेडक्लार्कांनी चष्मा लावला.

पत्र पाहून त्यांना खरोखर वाईट वाटलं. जावक क्रमांक नाही. विषय मजकुराच्या खाली. संदर्भ म्हणून काही नाहीच. सही आहे, पण सही करणाऱ्याचा हुद्दा नाही. पत्र खोटं असेल अशी शंका त्यांना शिवलीही नाही. पत्र अडाणी आहे, एवढंच त्यांना दिसलं. नवीन भरती असेल बिचारी, शिकवणारं कुणी नाही. त्यांनी उलटटपाली कळवलं : 'खालील त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.' आणि खाली नऊ त्रुटी.

पलीकडच्या भामट्यानं हे वाचलं तेव्हा त्याच्या चेहऱ्याचं काय झालं असेल ते एक त्यालाच माहीत. पण माणूस कष्टाळू निघाला. तासाभरात नऊपैकी सात दुरुस्त्या करून पत्र परत आलं. हेडक्लार्कांनी उरलेल्या दोन पुन्हा कळवल्या, शिवाय 'डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल हे नमूद नाही' अशी दहावी काढली. तिसरं पत्र आलं ते असं देखणं की हेडक्लार्कांनी त्याची नक्कल उतरवून ठेवली. आता त्या पत्रात काडीचाही दोष नव्हता. असणार कुठून? मसुदा त्यांचाच होता. हात दाखवून अवलक्षण करणारी माणसं पुष्कळ असतात. चोराला दरोड्याचा अर्ज शुद्ध करून देणारे हेडक्लार्क पहिलेच असावेत.

त्यांनी ते पत्र विमा एजंटला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"अशी पत्रं आजकाल कुठं बघायला मिळतात, काका!" एजंट म्हणाला. त्याचंही काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-सव्वाबाराला हेडक्लार्क कोड स्कॅन करायला बसले. आधी हात धुतले. "हं, झालं म्हणायचं," ते आत ओरडून म्हणाले. "डिपॉझिट भरतो. उद्या गाडी येईल."

"कोण येणार न्यायला?" बाईंनी आतून विचारलं.

"कक्षाचा प्राधिकृत प्रतिनिधी."

"हे काय नाव झालं?"

बाई हात पुसत बाहेर आल्या. काखेत ते रजिस्टर. लांबडं, निळ्या पुठ्ठ्याचं, कडेला चिकटपट्टी लावलेलं. हेडक्लार्क त्याला आजवर 'बाटल्यांची वही' म्हणत आले होते. उघडून कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी नोटीस आल्यावर नव्यानं भरलेलं शेवटचं पान काढलं. चारशे बारा. नाव : मॉनिटर. खाणं, झोप, कशाला घाबरते, रुसली तर काय करायचं, सगळं बारीक अक्षरात भरलेलं. आणि खाली तीन रकाने. कोण नेणार, मुलाशी नाते, सही. तिन्ही कोरे.

"चारशे अकरा पानांवर सह्या आहेत," बाई म्हणाल्या. "हे एकच पान अपुरं आहे. नेणाऱ्याशी बोलल्याशिवाय मी कुणाला सोडलेलं नाही. लावा फोन."

"अगं, कागद इतका स्वच्छ असताना..."

"कप्तानाला फोन लावा."

लागला. हेडक्लार्कांनी स्पीकर सुरू केला.

"नमस्कार. मी पाळणाघरातून बोलतेय," बाई म्हणाल्या.

"कुठून?"

"पाळणाघरातून. मॉनिटरला तुम्ही नेणार ना?"

"मॅडम, माझं शेळीचं काम आहे."

"तीच ती. काय खायला द्याल तिला?"

"शेळीच आहे ना? पाला खाईल."

"कुठलाही?"

"कुठलाही! आमच्याकडं कमी नाही, मॅडम."

"कुंपणाला कण्हेर आहे का तुमच्या?"

"कण्हेर? भरपूर! लांबच्या लांब!" कप्तानांचा आवाज अभिमानानं भरून आला.

बाईंनी डोळे मिटले. "कण्हेर खाल्ली की शेळी मरते, बाळा."

पलीकडं समुद्र खवळला. मग आवाज जरा घाईत आला. "मॅडम, ते बघू नंतर. आधी डिपॉझिट. कोड स्कॅन करा, पिन टाका, लगेच तुमचे बारा हजार सुटतील."

"पैसे मला मिळायचेत ना? मग माझ्या कपाटाची किल्ली मी का फिरवू?"

"सिस्टिम आहे तशी."

"बरं. मग असं करा. बारा हजार तुमच्याकडं जमा आहेतच. त्यातले तीन हजार दोनशे कापून घ्या आणि आठ हजार आठशे पाठवून द्या. भरायलाही नको आणि परत करायलाही नको."

हेडक्लार्क खुर्चीत ताठ झाले. वजावट! चौतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? शेकडो माणसांच्या पगारातून कापून घेतलं होतं आणि उरलेलं दिलं होतं. कापून घ्यायच्या रकमेसाठी आधी उलट भरणा मागणारी कचेरी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पत्रातल्या दहा त्रुटी त्यांनी काढल्या होत्या. अकरावी बायकोनं काढली, आणि तिच्याखाली पहिल्या दहा चिरडून गेल्या.

पलीकडून स्कूटरचा हॉर्न ऐकू आला. मग दुसरा.

"जहाजावर स्कूटर चालवतात का रे?" बाईंनी विचारलं. आवाज मुळीच चढला नव्हता. दुसऱ्याच्या डब्यात हात घालणाऱ्या पोराशी त्या याच आवाजात बोलायच्या. "जेवलास का?"

मग एकदम लहान झालेला आवाज : "...नाही."

"साडेबारा वाजले. आधी जेव. मग घरी एक फोन कर, आईला. आणि हे धंदे सोड."

फोन बंद झाला. हेडक्लार्कांनी परत लावून पाहिला. लागेना. मेसेज केला, जाईना. विमा एजंटला बोलावून विचारलं, तो म्हणाला, "काका, तुम्हाला ब्लॉक केलंय त्यानं."

आता सांगा, काय इभ्रत राहिली? ज्यानं लुबाडायचं, त्यानंच घाबरून दार लावून घ्यावं! हेडक्लार्क दिवाणावर बसून राहिले. बायको काही बोलेल, आयुष्यभराचं उट्टं काढेल, म्हणून ते अंग चोरून वाट पाहत होते. बाईंनी त्यांच्यासमोर ताट ठेवलं.

"तुला कळलं कधी?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"सव्वा वाजता."

"आज?"

"त्याचा पहिला फोन आला त्या दिवशी. एक ते तीन करू नका म्हणून लिहिलंय, आणि हा सव्वाला करतो. म्हणजे त्यानं तिच्याबद्दल वाचलंच नाही, तुमचा नंबर तेवढा वाचला." बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "न्यायला येणारा खरा असेल तर तो विचारतो हो. झोपते कधी, खाते काय, रडली तर काय करू. ज्याला काही विचारायचं नसतं त्याला मूल नको असतं, दुसरंच काही हवं असतं. एकदा एक माणूस चिठ्ठी घेऊन आला होता. मुलीच्या आईची सही, अक्षरही अगदी तिचंच वाटावं असं. मी म्हटलं, तिची पाण्याची बाटली कुठली तेवढी उचला. बाटल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. तो म्हणाला, बाटली राहू द्या. मी म्हटलं, मग मुलगीही राहू द्या. दाराला कडी घातली आणि आईला फोन केला. ती रडतच आली. तिनं कुणालाच पाठवलं नव्हतं."

हेडक्लार्कांचा घास हातातच राहिला. "कधीची गोष्ट?"

"झाली तेरा वर्षं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलणार होते. पण त्या दिवशी तुमचा आवक-जावकचा शिक्का हरवला होता. तुम्ही जेवला नव्हतात."

त्या दुपारी हेडक्लार्कांनी 'बाटल्यांची वही' पहिल्यांदा उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. 'अंधाराला घाबरत नाही, अंधारात एकटं ठेवल्याला घाबरते.' 'खोटं रडतो; खरं रडला तर आवाज येत नाही, लक्ष ठेवणे.' चारशे अकरा मुलं, चारशे अकरा सह्या, एक खाडाखोड नाही. एवढं स्वच्छ रजिस्टर त्यांच्या कचेरीत कधीच नव्हतं, आणि ते शेजारच्या खोलीत तीस वर्षं चाललं होतं. त्यांना बायकोचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. दोन्ही एकदमच वाटल्यामुळं त्यांनी चष्मा पुसला.

अकराव्या दिवशी तीन वाजून पाच मिनिटांनी फोन आला. "झोप झाली का तिची?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

हेडक्लार्कांनी फोन सरळ बाईंच्या हातात दिला.

हा गाड्या धुण्याच्या सेंटरचा मालक. स्वतःच धुणारा, स्वतःच पुसणारा. पाण्यात राहून बोटं सुरकुतलेली. त्याच्याकडं दोन शेळ्या होत्या, त्यातली एक महिन्यापूर्वी गेली. दुसरी म्हातारी भिंतीकडं तोंड करून उभी राहते, खात नाही. "तिला सोबत हवी," तो म्हणाला. "तुमची रात्री एकटी झोपते की कुणाजवळ? आणि मोठा आवाज चालतो का? आमच्याकडं पाण्याचा पंप असतो."

बाईंनी त्याला मुलांसारखंच रुळवायला घेतलं. पहिल्या दिवशी तासभर नुसतं बसायचं, हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी खायला घालायचं. तिसऱ्या दिवशी झोपेच्या वेळी थांबायचं. तो भलामाणूस तिन्ही दिवस सेंटर बंद ठेवून आला आणि ओट्यावर मांडी घालून बसला.

इकडं हेडक्लार्क ताकही फुंकून प्यायला लागले होते. त्यांनी त्याच्याकडं ओळखपत्र मागितलं, वीजबिल मागितलं, आणि म्हातारी शेळी खरोखर अस्तित्वात असल्याबद्दल तिचा आजच्या वर्तमानपत्रासह फोटो मागितला. त्यानं तोही आणला. फोटोत म्हातारी होती आणि वर्तमानपत्र अर्धं होतं.

"बघा, खाल्लं तिनं!" वॉशिंगवाला हरखून म्हणाला. "महिन्यात पहिल्यांदा काहीतरी खाल्लं!"

"मूळ पान जोडलेलं नाही," हेडक्लार्क पुटपुटले, पण बाईंनी पाहिलं तसा त्यांनी फोटो फायलीला लावला.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे नोटिशीच्या चौदाव्या दिवशी, त्यानं फोनवरून आठ हजार पाठवले. त्याच्या फोननं टिंग केलं, हिरवी खूण दाखवली. हेडक्लार्कांच्या खात्यात मात्र काही दिसेना. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला.

"टिंग काय, कुणाचाही फोन करतो," हेडक्लार्क म्हणाले. "माझ्या खात्यात दिसलं पाहिजे."

विमा एजंट जिन्यातूनच म्हणाला, "सोडा ना काका, माणूस चांगला दिसतो."

"कप्तानही तुला चांगलाच दिसला होता."

हेडक्लार्कांना वाटलं, आता हा माणूस चिडणार. पण वॉशिंगवाला उठला आणि चपला घालायला लागला. "काकांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पैसे पोचल्याशिवाय मी हिला नेणार नाही. उद्या तुमच्या मनात शंका नको आणि माझ्यावर शब्द नको. सकाळी येतो." दारातून परत फिरला. "आज ती उजव्या कुशीवर निजली होती. रोज तशीच निजते का?"

पंधराव्या दिवशी बँक उघडायच्या आधी हेडक्लार्क बँकेच्या पायरीवर होते. पासबुकात नोंद करून घेतली. बँकेची यंत्रणा आदल्या दिवशी रखडली होती, पैसे संध्याकाळी उशिरा जमा झाले होते. ती ओळ त्यांनी तीनदा वाचली आणि घराकडं जवळजवळ पळतच निघाले.

घरापुढं कोंडवाड्याची गाडी उभी होती. चेअरमन घड्याळ बघत होते. बाई ओट्याच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर रजिस्टर, मागं मॉनिटर. समोर कोंडवाड्याचा माणूस हातात दोरी घेऊन अवघडून उभा होता, कारण बाईंनी त्याला विचारलं होतं की तू जेवलास का. वॉशिंगवाला बाजूला, ओल्या हातांनी.

"मुदत संपली," चेअरमन म्हणाले.

आणि इथं, मंडळी, हेडक्लार्कांची चौतीस वर्षं कामाला आली. त्यांनी दम घेतला, खिशातून नोटीस काढली आणि चष्मा लावला. "नोटीस मिळाल्याचा दिवस मुदतीत धरत नाहीत. आजचा दिवस पंधरावा. मुदत आज कार्यालयीन वेळ संपेपर्यंत आहे. आपण मसुदा चांगला केलात, पण मोजणी चुकली." चेअरमनांनी नोटीस हातात घेतली, बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले. मग त्यांनी कोंडवाड्याच्या गाडीला हात केला. गाडी रिकामी गेली.

"पैसे?" बाईंनी विचारलं.

"जमा," हेडक्लार्क म्हणाले. "प्रत्यक्ष पाहिले."

बाईंनी पान चारशे बारा उघडून पेन वॉशिंगवाल्याच्या हातात दिलं. त्यानं शर्टाला हात पुसले. 'कोण नेणार' इथं नाव लिहिलं. 'मुलाशी नाते' इथं थांबला. बाकीच्या पानांवर आई होती, बाबा होते, मामा, आत्या, आजी होती. त्यानं मॉनिटरकडं पाहिलं आणि सावकाश लिहिलं : घरचा. मग सही केली.

बाईंनी पान फुंकून वाळवलं. मॉनिटर त्याच्या मागून अशी गेली की जणू हात धुवायच्या रांगेला निघाली आहे. फाटकाजवळ तिनं एकदा वळून पाहिलं आणि बाई आत गेल्या.

दुपारी एक वाजला. घर कधी नव्हे इतकं शांत होतं. बाईंनी सवयीनं ओट्यावर चटई टाकली, मग तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बाई, माफ करा, या वेळेत फोन करायचा नाही ते माहीत आहे मला," वॉशिंगवाला घाबऱ्या आवाजात म्हणाला. "पण ती निजतच नाही हो. दारात उभी आहे. मी पंप बंद केलाय, चटई टाकलीय. ते गाणं मला नीट येत नाही. तेवढं म्हणाल का?"

बाईंनी स्पीकर सुरू केला. चपला निजल्या, त्या म्हणाल्या. बाटल्या निजल्या. आणि पुढं त्यांचा आवाज फुटला. हेडक्लार्कांनी बायकोला रडताना फार कमी वेळा पाहिलं होतं. शनिवारी अर्धा दिवस असे तेव्हा, आणि निवृत्तीनंतर रोजच, भिंतीपलीकडून हे गाणं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. ते फोनजवळ वाकले, खाकरले, आणि बैठकीचा वृत्तांत वाचावा त्या आवाजात म्हणाले, "आता कोण राहिलं?"

पलीकडं चटई सरकल्याचा आवाज आला. मग वॉशिंगवाला कुजबुजला, "निजली. उजव्या कुशीवर. आणि बाई, म्हातारीही तिच्याजवळ येऊन बसली."

फोन ठेवल्यावर हेडक्लार्कांनी रजिस्टर पुढं ओढलं. पान चारशे बारा, सगळे रकाने भरलेले. त्यांनी सहीखाली, समास सोडून, वळणदार अक्षरात लिहिलं : 'अवलोकनार्थ सविनय सादर.' खाली आपली बारीक सही केली, जशी ते फक्त वरिष्ठांपुढं कागद ठेवताना करत, आणि रजिस्टर दोन्ही हातांनी बायकोपुढं ठेवलं.

बाईंनी डोळे पुसले. वाचलं. त्यांच्याकडं पाहिलं, पुन्हा वाचलं. मग पेन्सिल घेऊन समासात लिहिलं : 'पाहिले. चहा ठेवा.'

खाली तारीख नव्हती. हेडक्लार्क उठले आणि त्यांनी चहा ठेवला.